फक्त स्वर

मार्चमध्ये साल्तोत संत्री अजून हिरवी असतात,
ट्रक अंगणात उभा असतो आणि नवरा घरात.
अशाच एका रिकाम्या सकाळी ओविदिओ म्हणाला,
"दात पांढरे करून घ्यावेत म्हणतो."
अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.
अंगाचा साबण संपला तर कपड्यांच्या साबणावर भागवणारा.
"कुणासाठी?" मी विचारलं.
तो किटलीपाशी गेला, उकळी फुटायच्या आत ती उतरवली,
मातेचं पाणी उतरवावंच लागतं तसं,
आणि ते फार मोठं काम असल्यासारखा
पाठमोरा उभा राहिला.

आमच्याकडे सगळ्यांचेच दात मातेच्या रंगाचे.
कडू पाला, भोपळ्याची वाटी, चांदीची नळी,
उजाडल्यापासून काखेत थर्मास.
पाद्रीबाबांचे तसे, शाळेतल्या बाईंचे तसे,
माझ्या सासऱ्यांचे, पेटीत झोपवले तेव्हाही तसेच.
पांढरे दात टीव्हीत असतात,
नाहीतर नदीपलीकडून गरम कुंडांत डुंबायला येणाऱ्यांच्या तोंडात.

आणि दुखणं?
आठ महिने तो एकाच बाजूनं जेवतोय.
खिशात लवंगा. रात्री तीनला उठून
गालाला थंड बाटली लावून बसतो, मी झोपले आहे असं समजून.
दाखव म्हणून मी दाताच्या कण्या केल्या.
"कुठे काय," म्हणायचा.
दुखण्यासाठी गेला नाही,
पांढरे करायला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

डॉक्टर बेंतांकुर आमच्या यामिलाच्या वयाची.
तिनं एक पट्टी काढली, तीवर सोळा सुटे दात,
रंगाच्या दुकानात भिंतीच्या छटा असतात ना, तशा ओळीनं.
एकेक त्याच्या दाताशेजारी धरत
शेवटच्यापाशी थांबली.
"ए-चार. इथे पट्टी संपते."
ओविदिओनं पहिल्याकडे बोट दाखवलं.

मग ती आरशाच्या मुठीनं एकेक दाढ ठोकत गेली.
इथे दुखतं? नाही.
इथे? नाही.
इथे?
तोंड नाही म्हणालं,
उजव्या पायानं खुर्चीला लाथ मारली.

"चीर आहे," ती म्हणाली. "हिच्यात पांढरं करायचं औषध झिरपलं
तर तुम्हाला छतावरून खाली काढावं लागेल.
आधी खायचे दात, मग दाखवायचे."

सुई. अर्धा चेहरा खाली घसरला.
यंत्राचा तो किर्र आवाज माझ्याच हिरड्यांत शिरत होता,
मी स्टुलावर, मांडीवर त्याची टोपी.
मध्येच तिनं सहज विचारलं,
दोन्ही हात त्याच्या तोंडात असताना,
"पण इतके पांढरे हवेत कशाला?"
आणि तो बोलला!
या घरात वर्षभरात बोलला नसेल इतकं बोलला.
आ ओ ए आ,
आ ई आ ओ ओ,
मध्ये एक लांबलचक ऊ, तो थोडा हलला.

मास्कवरचे तिचे डोळे बारीक झाले.
"अस्सं," म्हणाली. "मग करायलाच हवं."
दंतवैद्यांना व्यंजनांवाचून कळत असावं.
मला, एकतीस वर्षं त्याच्याशेजारी झोपणाऱ्या मला,
एक शब्द लागला नाही.

बाहेर आल्यावर विचारता आलं असतं.
ओठातून लाळ गळत होती, मी रुमाल दिला.
गाडी मी चालवली.
तिनं विचारल्यावर त्यानं सांगितलं.
मी विचारलं तेव्हा तो किटलीपाशी गेला होता.
माझ्या विचारण्यात काही होतं का,
तिच्या आवाजात नसलेलं?
लिंबाच्या बागांवरून गेलो, साखरेच्या ट्रकमागे बराच वेळ अडकलो,
आणि मी काहीच म्हणाले नाही.

संध्याकाळी सवयीनं वाटी भरून त्याच्यापुढे केली.
त्यानं तळहात दाखवला: गाल बधिर, गरम मना.
त्याच्या वाटणीचंही मीच प्यायले.
तो बघत होता. मग हसला,
हलत होत्या तेवढ्या अर्ध्या तोंडानं, ए-चार.
मीही हसले. एरवी हात आडवा धरते,
आज हातात वाटी होती.

फ्रिजवर कार्ड लावलंय, एकवीस दिवसांनी शुक्रवारी, चार वाजता.
तोवर संत्र्यांना रंग चढायला लागेल.